भट्टीपुढचा रोजा

रमजानमध्ये शीरमाल, नान, टोस्ट आणि शेवया साऱ्या बाजाराला हव्या असतात. त्या भाजणारा आणि वाळवणारा यंत्रचालक मात्र दिवसभर स्वतः उपाशी आणि तहानलेला असतो. देवळाली कॅम्पच्या बेकऱ्यांच्या निमित्ताने या व्यवसायाची ओळख.

रमजानच्या महिन्यात असरची म्हणजे दुपारनंतरची नमाज झाली, की देवळाली कॅम्पच्या बाजाराचा नूर पालटतो. हातगाड्यांवर खजूर आणि कापलेलं कलिंगड मांडलं जातं, भज्यांच्या कढया चढतात आणि बेकऱ्यांपुढे माणसं जमू लागतात. या गर्दीत सगळेच रोजेदार नसतात. सुट्टीचा पास मिळालेला जवान असतो, हवापालटासाठी सॅनिटोरियममध्ये उतरलेले गुजराती आणि पारशी पाहुणे असतात, सिंधी दुकानदार असतात, भगूरहून भाजीपाला घेऊन आलेला शेतकरी घरी जाताना मुलांसाठी नानखटाई बांधून घेत असतो. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "चाचा, गरम कधी निघणार?"

गरम काढणारा माणूस आत असतो. त्याच्यापुढे दोनशे अंशांच्या वर तापलेली भट्टी असते आणि त्याच्या पोटात पहाटेच्या सहरीनंतर पाण्याचा थेंबही गेलेला नसतो. सरकारी भाषेत तो यंत्रचालक आहे. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात खाद्यपदार्थ बनवणाऱ्या यंत्रांच्या चालकांना ८१६० हा स्वतंत्र क्रमांक आहे. भाजणारे, शेकणारे, वाळवणारे सगळे या एका आकड्यात बसतात. बाजारात त्याला कोणी भट्टीवाला म्हणतं, कोणी कारीगर, कोणी उस्ताद. रमजानमध्ये त्याच्या कामाला आणि त्याच्या रोज्याला एकाच वेळी कस लागतो.

छावणी आणि पाव

देवळालीचा आणि पावाचा संबंध छावणीमुळे जुना आहे. इंग्रजांनी १८६१ मध्ये इथे सैनिकांचा तात्पुरता तळ उभारला. विलायतेहून आलेल्या पलटणी मुंबई बंदरात उतरून इथे थांबत आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत इथेच राहत. जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे, त्याला कित्येक महिने रिकामं बसावं लागे. कंटाळा, उकाडा आणि हिवताप यांनी अनेकांचं डोकं फिरे. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलॅली टॅप' असा शब्दप्रयोग रूढ झाला. डूलॅली म्हणजे आपली देवळाली. आणि 'टॅप' म्हणजे फारसी-उर्दूतला 'तप', ज्याचा अर्थ अंगातला ज्वर. मराठीतल्या 'ताप' या शब्दाचा तो सख्खा शेजारी. गावाचं नाव तापाला जोडून साऱ्या इंग्रजी जगात गेलं, अशी दुसरी देवळाली नसेल.

एवढ्या मोठ्या छावणीला रोजचा पाव लागणारच. जिथे गोऱ्या पलटणी गेल्या तिथे बेकरी गेली, हा साऱ्या हिंदुस्थानातल्या कॅन्टोन्मेंटचा अनुभव आहे. पुढे इथे तोफखान्याची प्रशिक्षण संस्था आली, थंड हवेमुळे पारशी आणि गुजराती सॅनिटोरियम उभी राहिली, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. न्याहारीला कोणाला ब्रेड-बटर हवा होता, कोणाला चहात बुडवायला खारी, कोणाला दाल-पकवानाच्या जोडीला पाव. नाशिककरांना मिसळीखाली पाव हवाच. गिऱ्हाईक वेगवेगळं होतं, भट्टी मात्र एकच होती.

पाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. गोव्यात सुरुवातीला पीठ फुगवण्यासाठी खमीर मिळत नसे, म्हणून ताडी वापरली जाई. नान, कुलचा, शीरमाल हे शब्द इराणच्या बाजूने आले. 'शीर' म्हणजे दूध आणि 'माल'चा अर्थ चोळणं, मळणं. दुधात मळलेली ती शीरमाल. नान भाजून विकणाऱ्याला उर्दूत 'नानबाई' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द ऐकून एखादी बाई आठवते, पण तो पुरुषांच्याच पेशाचा शब्द आहे. आज जुन्या मोहल्ल्यांत नानबाई उरले आहेत, पण बहुतेक बेकऱ्यांत त्यांची जागा बटणं दाबणाऱ्या ऑपरेटरने घेतली आहे.

उतरत्या आचेचं शास्त्र

जुनी लाकडाची भट्टी म्हणजे विटांची बुटकी खोली. आत लाकूड जाळायचं, विटा लाल तापू द्यायच्या, मग निखारे आणि राख ओढून काढायची, ओल्या गोणपाटाने फरशी पुसायची आणि लांब दांड्याच्या लाकडी पाटीने माल आत सारायचा. आग विझलेली असते, भाजतात त्या विटा. त्या तासन् तास उष्णता सोडत राहतात आणि आच हळूहळू उतरत जाते.

उस्तादाची सारी अक्कल या उतरणीत आहे. पहिली आच सर्वांत कडक, तिच्यावर नान आणि लादी पाव. त्यानंतर कडक सालीचा ब्रून. आच मंदावली की खारी, नानखटाई, बिस्किटं. आणि सर्वांत शेवटी, रात्रभराच्या उरलेल्या उबेवर, टोस्ट. टोस्ट हा खरं तर दोनदा भाजलेला पाव आहे. आधी पाव भाजायचा, गार करायचा, कापायचा आणि मग मंद आचेवर वाळवायचा. पावात शंभर भागांत पस्तीस-चाळीस भाग पाणी असतं, चांगल्या टोस्टमध्ये ते पाच भागांच्याही खाली येतं. म्हणूनच टोस्ट डब्यात आठवडे टिकतो आणि सहरीच्या घाईत दुधात बुडवून खायला सोयीचा पडतो.

एका लाकडाच्या भाराचा असा शेवटच्या उबेपर्यंत उपयोग होई. कोणत्या आचेला काय घालायचं, हे उस्ताद भट्टीच्या तोंडाशी हात धरून किंवा चिमूटभर मैदा फरशीवर टाकून ठरवत. मैदा किती वेळात बदामी होतो आणि किती वेळात काळा पडतो, हेच त्यांचं थर्मामीटर होतं.

बटणांची भट्टी

आता बऱ्याच ठिकाणी डिझेल, गॅस किंवा विजेवर चालणारी फिरती भट्टी आली आहे. माणसाच्या उंचीची ट्रॉली, तिच्यात एकावर एक ट्रे. ट्रॉली आत ढकलून दार लावलं की ती गोल फिरते आणि पंखा गरम हवा खेळवतो. बाहेरच्या फलकावर तापमान, वेळ आणि वाफ यांची बटणं असतात. वेळ संपली की घंटी वाजते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आता काय राहिलं, बटण दाबलं की पाव तयार. प्रत्यक्षात ऑपरेटरचं काम भट्टीच्या खूप आधी सुरू होतं. शंभर किलो मैद्याला पंचावन्न ते साठ लिटर पाणी, दोन-तीन किलो खमीर, दीड-दोन किलो मीठ, हा साधारण हिशेब. पण मैद्याचं प्रत्येक पोतं पाणी सारखं पीत नाही. मिक्सरच्या घर्षणाने पीठ तापतं, म्हणून उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घालावं लागतं. मळलेलं पीठ सव्वीस ते अठ्ठावीस अंशांवर राहिलं तर खमीर नीट काम करतं, जास्त तापलं तर पाव आंबूस होतो. त्यानंतर गोळे पाडून दमट, उबदार खोलीत फुगायला ठेवायचे. पाच मिनिटं कमी झाली तर पाव दडस, पाच मिनिटं जास्त झाली तर भट्टीत बसका.

मग भट्टी. पावाला दोनशे वीस-तीस अंश. सुरुवातीला काही सेकंद वाफ सोडायची, म्हणजे साल लवकर कडक होत नाही आणि पाव मोकळेपणी फुगतो. आत साठएक अंशाच्या सुमाराला खमीर मरतं. पावाचा गाभा पंचाण्णव अंशांच्या आसपास गेला की तो शिजला. वरची साल त्याहून खूप तापते, साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून तो तांबूस रंग आणि तो वास तयार होतो, ज्याच्या ओढीने माणूस रस्ता ओलांडून येतो. बाहेर काढल्यावर शंभर ग्रॅमचा गोळा नव्वद ग्रॅमच्या जवळपास उतरतो, उरलेलं पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. कापायचा ब्रेड असेल तर तो गार होईपर्यंत थांबायचं, नाहीतर यंत्राचं पातं त्याचा लगदा करतं.

यातलं काहीही चुकलं तर घंटी ते सांगत नाही. ती फक्त वेळ सांगते.

चव न घेता

रमजानमध्ये ऑपरेटरचं एक महत्त्वाचं हत्यार गळून पडतं. त्याला चव घेता येत नाही. गरज असेल तर जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकण्याची मुभा अनेक उलेमा स्वयंपाक करणाऱ्याला देतात, पण बहुतेक कारीगर तो प्रसंगच येऊ देत नाहीत. मीठ अंदाजाने टाकण्याची सवय असलेला माणूसही या महिन्यात वजनकाटा जवळ ओढतो.

मग उरतात डोळे, कान, नाक आणि बोटं. पाव उलटा करून बुडाला टिचकी मारायची. पोकळ आवाज आला तर शिजला, बद्द आवाज आला तर अजून ओला. शीरमालचा रंग केशरीवरून तपकिरीकडे झुकायच्या आत ट्रे ओढायचा. खारीचे पापुद्रे सुटल्याची खूण बोटाला कळते. करपण्याआधीचा गोडसर वास आणि करपल्यानंतरचा कडवट वास यांत काही सेकंदांचं अंतर असतं. उपाशी माणसाचं नाक अधिक तिखट असतं, असं कारीगर गमतीने म्हणतात. ज्याच्या वासानेच भूक चाळवते असं अन्न तेरा तास हातात खेळवायचं आणि त्याला तोंड लावायचं नाही, हा संयम रोज्याच्या पुस्तकी व्याख्येपेक्षा बराच पुढचा आहे. दुकानाच्या कोपऱ्यात बसून मोबाइलवर वेळ काढणाऱ्याचा आणि भट्टीपुढे उभ्या असलेल्याचा रोजा वरकरणी सारखाच दिसतो.

तहानेचा हिशेब

भूक सोसता येते, तहान कठीण. उष्ण जागी अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष विचलित होऊ लागतं. साठ किलोच्या माणसासाठी हे दोन टक्के म्हणजे सव्वा लिटरसुद्धा नाही. भट्टीपुढचे दोन तास त्याला पुरेसे आहेत. अशा कामावरच्या माणसाने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, असा कामगार-आरोग्याचा साधा नियम आहे. रोज्यात तो पाळता येत नाही.

बेकरीच्या धंद्याचं मूळ घड्याळ रमजानला सोयीचं आहे. पाव रात्रीच बनतो. संध्याकाळी पीठ मळायचं, मध्यरात्रीनंतर भाजायचं आणि पहाटे सायकली आणि टेम्पो भरून पाठवायचं. रमजानमध्ये इशाच्या नमाजेनंतरची तरावीह आटोपून माणसं कामाला लागतात, रात्रभर पाणी पिता येतं, सहरी भट्टीवरच होते. अडचण दुसऱ्या पाळीची आहे. इफ्तारला ताजी शीरमाल आणि गरम नान हवी, म्हणजे दुपारी तीन ते सहा भट्टी पेटलेली हवी. रोजेदार सर्वांत थकलेला असतो ती हीच वेळ. तरावीह आणि सहरी यांच्यामध्ये रात्रीच्या झोपेचे दोन तुकडे झालेले असतात. गिऱ्हाईक दाराशी उभं असतं आणि घाई वाढलेली असते. मिक्सरचा फिरता हात, पीठ लाटणारे रूळ, ब्रेडची पाती आणि दोनशे अंशांवरून बाहेर ओढलेली ट्रॉली, यांपैकी एकही यंत्र चालकाचा रोजा आहे की नाही हे पाहत नाही.

जाणते मालक यावर उपाय करतात. मळणं, तोलणं, गोळे पाडणं ही यंत्राजवळची पण आचेपासून दूरची कामं रोजेदारांकडे आणि दुपारची आच रोजा नसलेल्यांकडे. जिथे हिंदू आणि मुस्लिम कारीगर एकत्र आहेत तिथे ही अदलाबदल सोपी जाते. मगरिबच्या अजानला भट्टी सांभाळणारा हात दुसऱ्याचा असतो आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हिशेब चुकता होतो. याला कोणी सामाजिक सलोखा असं मोठं नाव देत नाही. पाळी बदलली, एवढंच म्हणतात.

धर्माचं म्हणणंही इथे नीट समजून घ्यायला हवं. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे आणि त्यामागचा हेतू माणसाला अडचणीत टाकण्याचा नसून सोपं करण्याचा आहे. कष्टकऱ्याने सहरी करून रोज्याचा इरादा करावा आणि दिवसा जीव धोक्यात येतो असं दिसलं तर रोजा सोडून नंतर तो भरून काढावा, असं मार्गदर्शन उलेमांनी केलं आहे. चक्कर, पोटऱ्यांत गोळे, डोकं ठणकणं, लघवी गडद होणं या खुणा दिसल्या की आचेपासून दूर व्हावं. बोलण्यात असंबद्धपणा आला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. तिथे प्रश्न रोज्याचा उरत नाही, दवाखान्याचा असतो. "रोजा तोडला असं लोक म्हणतील" या भीतीने उभा राहणारा कारीगर धर्म पाळत नसतो, लोकलाज पाळत असतो.

सध्या रमजान हिवाळ्याच्या अखेरीकडे आला आहे आणि देवळालीची हवा त्या दिवसांत मेहेरबान असते. रोजा तेरा तासांच्या आसपास असतो. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढाच मागे सरकतो. २०१८ मध्ये तो १७ मेच्या सुमाराला सुरू झाला होता, तेव्हा रोजा साडेचौदा तासांच्या आसपास होता आणि बाहेरच भट्टी होती. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. सुमारे तेहेतीस वर्षांत हे चक्र पूर्ण होतं. विसाव्या वर्षी भट्टीवर आलेला माणूस हात थकेपर्यंत सगळे ऋतू रोज्यात पाहून घेतो.

मैद्याची धूळ

जुन्या फिकहच्या ग्रंथांत, म्हणजे इस्लामी नियमशास्त्रात, एक बारीक मुद्दा येतो. नकळत घशात गेलेल्या धुळीने रोजा तुटत नाही, मग ती चक्कीतल्या पिठाची धूळ का असेना. नियम लिहिणाऱ्यांना दळणारे आणि मळणारे हात ठाऊक होते, त्यांच्यासाठी त्यांनी ही मोकळीक लिहून ठेवली.

पिठाच्या धुळीने रोजा तुटत नाही, पण फुप्फुस तुटतं. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये व्यवसायांमुळे होणाऱ्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात बेकऱ्यांतल्या कामगारांच्या दम्याची आणि खोकल्याची नोंद आहे. आज वैद्यकशास्त्रात 'बेकरचा दमा' हा स्वतंत्र आजार मानला जातो. मैद्यातली प्रथिनं आणि पीठ सुधारण्यासाठी घातले जाणारे विकर श्वासातून वर्षानुवर्षं आत गेले की काहींचं शरीर त्यांना शत्रू मानू लागतं. सुरुवात साध्या शिंकांनी आणि चोंदलेल्या नाकाने होते. सुट्टीत बरं वाटतं, कामावर आलं की पुन्हा त्रास. ही खूण ओळखली तर पुढचं टळतं. पोतं उंचावरून न ओतणं, मिक्सरवर झाकण ठेवणं, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, मास्क लावणं, हे उपाय महागडे नाहीत. लाकडाच्या भट्टीत या धुळीला धुराचीही जोड असते.

शेवया आणि बेदाणे

रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत बाजार पावाकडून शेवयांकडे वळतो. ईदच्या शीरखुर्म्याला त्या लागतातच. 'शीर' म्हणजे दूध हे वर आलंच, 'खुर्मा' म्हणजे खजूर. उन्हाळ्यात गच्चीवर पाटावरच्या शेवया वाळवणाऱ्या मराठी घरांना हे काम नव्याने सांगायला नको. कारखान्यात तेच काम यंत्र करतं. रव्या-मैद्याचं घट्ट पीठ दाबाने बारीक छिद्रांतून बाहेर येतं, तारा काठ्यांवर टांगतात आणि गरम हवेच्या खोलीत वाळतात.

वाळवणाऱ्या ऑपरेटरचा गुण म्हणजे धीर. हवा फार गरम केली तर तार बाहेरून सुकते, आतून ओली राहते आणि मग तडकते. डब्यात शेवयांचा चुरा निघतो तो याच घाईमुळे. ओल जास्त राहिली तर बुरशी धरते. वाळल्यावर मग काही शेवया भाजून बदामी करतात. तो रंगही काही क्षणांचाच खेळ.

शीरखुर्म्यातला बेदाणा बहुधा नाशिकचा किंवा सांगलीचा असतो. पिंपळगाव, निफाडच्या बाजूला द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर दोन आठवड्यांच्या आसपास वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा उतरतो. हिवाळ्याअखेरीस येणारा रमजान आणि द्राक्षांचा हंगाम सध्या एकत्र आले आहेत. ईदच्या वाटीत शेतकऱ्याचा, शेडवरच्या मजुराचा आणि शेवयावाल्याचा घाम एकाच दुधात उतरतो.

कायद्याच्या कडेला

१९४८ च्या कारखाना कायद्यापासून कायद्याचं म्हणणं स्पष्ट आहे. फिरतं यंत्र झाकलेलं हवं, पिण्याचं पाणी हवं, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर काम घेतलं तर दुप्पट दराने पैसे हवेत. पण त्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असतील तरच तिला कारखाना म्हटलं. २०२० च्या नव्या संहितेत हा आकडा वीस झाला. कर्मचारी राज्य विम्यालाही साधारणपणे दहा माणसं लागतात. पाच-सहा माणसांची बेकरी या सगळ्याच्या कडेला उभी असते. तिथे कामगाराचं रक्षण मालकाच्या सद्‌बुद्धीवर अवलंबून राहतं.

बेकरी कामगारांच्या तासांचा प्रश्न साऱ्या जगाचा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये बेकरी कामगारांना दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये ती रद्द केली, आणि त्या निकालावर पुढची अनेक दशकं वाद झाला. पाव सर्वांना सकाळी ताजा हवा असतो, पण तो रात्री कोणीतरी जागल्याशिवाय मिळत नाही, हे सत्य दोन्हीकडे सारखं आहे.

आता आणखी एक बदल दारात आहे. मुंबईत लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला. देवळालीला तो लागू नाही, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो ते दिसतं. धूर कमी झाला तर पहिला फायदा भट्टीपुढच्या माणसालाच होईल, यात शंका नाही. पण नवी भट्टी छोट्या मालकाला परवडायला हवी आणि ज्याने तीस वर्षं विटांची आच वाचली त्याला फलकावरचे आकडे वाचायला शिकवायला हवं. आयटीआयमध्ये बेकर आणि कन्फेक्शनर असा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मोहल्ल्यातल्या मुलांनी तो करावा, उस्तादाचं ज्ञान आणि प्रमाणपत्र दोन्ही हाती असावं. नाहीतर होतं असं, की बापाला काम येतं पण कागद नसतो, आणि मुलाला कागद मिळतो तेव्हा बापाचं काम त्याला नको असतं.

गव्हाचं माप

रमजान संपताना प्रत्येक ऐपतदार मुसलमान फित्रा देतो. ईदच्या नमाजेआधी तो गरजूपर्यंत पोहोचायला हवा, म्हणजे त्याच्याही घरी ईद होते. हा फित्रा आपल्याकडे बहुधा गव्हात मोजतात, माणशी पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा तेवढ्याची किंमत. दानाचं माप गहू आहे, ही गोष्ट भट्टीवाल्याच्या बाबतीत अर्थपूर्ण आहे. महिनाभर तो त्याच गव्हाच्या मैद्यात कोपरापर्यंत बुडालेला असतो.

फित्रा दान आहे, मजुरी दान नव्हे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचा मोबदला हाती पडावा, ही पैगंबरांची शिकवण मुस्लिम मालकांना तोंडपाठ असते. रमजानमधल्या जादा तासांचा हिशेब चांदरातीच्या आधी चुकता करणं, दुपारच्या पाळीत पंखा आणि विसाव्याची जागा देणं, यंत्राचं झाकण काढून ठेवलेलं असेल तर ते परत बसवणं, या गोष्टी त्या शिकवणीतच येतात. गिऱ्हाईकाच्या हातीही काही आहे. सहा वाजता गरम नान मिळाली नाही तर पाच वाजताची घेता येते.

ईदच्या दिवशी अनेक भट्ट्या विझतात. कारीगर नवे कपडे घालून ईदगाहकडे जातात, काही जण वर्षातून एकदाच गावची गाडी पकडतात. त्या एक-दोन दिवसांत मिसळीच्या टेबलावर पाव कमी पडतो आणि हॉटेलवाला गिऱ्हाईकाला सांगतो, "आज भट्टी बंद आहे, दादा. ईद आहे."